एक्स-रेवाल्यानं काढलेलं माहेर

माझा थोरला भाऊ गिरिधर धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात सत्तावीस वर्षं एक्स-रे काढत होता. माणूस समोर आला की हा त्याच्या तोंडाकडे नाही, बरगड्यांकडे बघतो, असं मी त्याला चिडवायची, आणि त्यात खोटं फारसं नव्हतं. लग्नाकार्यात कुणाशी ओळख करून द्यावी तर समोरचा म्हणायचा, "अरे, यांनीच तर माझी तंगडी पाहिली होती." गिरिधरला मात्र माणूस आठवायचा नाही, हाड आठवायचं. "डावं मनगट ना? बरं जुळलं हो ते." एवढंच बोलून हा जिलबीकडे वळायचा. अशा माणसानं आमच्या घराण्याची फिल्लम काढली हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. मी शाळेत मास्तरीण आहे, हसणाऱ्यांना गप्प कसं करायचं ते मला चांगलं ठाऊक आहे.

आधी घराणं म्हणजे काय ते सांगते, कारण आमची दोन होती आणि दोन्ही आमची नव्हती. बाबा, मनोहरराव, महाल या जुन्या वस्तीतले. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या दप्तरात लेखणी चालवायला साताऱ्याकडून आले आणि इथलेच झाले. ब्राह्मणाचं घर, कडक सोवळं. आई देवकी, कळमेश्वरच्या पलीकडल्या एका खेड्यातल्या कुणब्याची लेक. घरी संत्र्याचा बगीचा, कापूस, गोठ्यात आठ बैल. बाबा त्या खेड्यात शाळामास्तर म्हणून गेले आणि एकोणीसशे चौतीस साली दोघांनी लग्न केलं. मग काय विचारता. महालात आजोबांनी जिवंत मुलाच्या नावानं श्राद्ध घातलं. खेड्यातल्या आजोबांनी तुळशीवर हात ठेवून आण घेतली, की या पोरीचा पाय पुन्हा आपल्या उंबरठ्याला लागणार नाही आणि घरातला दाणा तिच्याकडे जाणार नाही. मरताना तीच आण चंपतमामाच्या गळ्यात टाकून गेले. हे दोन म्हातारे एकमेकांच्या हातचं पाणी प्यायले नसते, पण अक्कल दोघांनी एकाच दुकानातून आणली होती.

आम्ही भावंडं सीताबर्डीच्या मागच्या एका गल्लीत दोन खोल्यांत वाढलो. बाबा 'मला' म्हणत, आई 'मले' म्हणे, आणि आम्ही ज्याच्याकडून काही हवं असेल त्याच्या भाषेत मागत असू. शाळेतल्या पोरी विचारत, "तुमी लोक कोन वं?" मी घरी येऊन तोच प्रश्न बाबांना विचारला. बाबा म्हणाले, "सांग, आम्ही जेवणारे." हे काय उत्तर झालं? मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, आजी-आजोबा, काका-मामा, सगळ्यांच्या जागी त्या दोन माणसांनीच उभं राहून आम्हाला काही कमी पडू दिलं नाही. त्यांचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार होते!

सहासष्ट साली बाबा गेले. त्यानंतर पाच वर्षांनी, दिवाळीच्या सुमारास, आई चहात साखरेच्या जागी मीठ घालू लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. एक डोळा काचबिंदूनं गेलेलाच होता. दुसऱ्यात मोतीबिंदू, आणि त्याच्या मागचा पडदाही खराब होत चाललेला, त्यामुळे ऑपरेशनचा भरवसा नाही. डॉक्टर म्हणाले, "होळीपर्यंत थोडंफार दिसेल. पुढचं मी सांगू शकत नाही." आई घरी येऊन तांदूळ निवडायला बसली. खडे दिसत नव्हते, बोटांनीच निवडत होती.

गिरिधरजवळ एक कॅमेरा होता, चावी भरून चालवायचा, फिल्लम काढायचा. दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी विलायतेहून आणला होता. त्यांची मुलं मोठी झाली तसा त्यांनी तो, भिंतीवर दाखवायच्या मशीनसकट, याला देऊन टाकला. तोवर यानं त्यावर पतंग आणि आमची मांजर यापलीकडे काही काढलं नव्हतं.  आईच्या डोळ्यांचं कळल्यावर आठ दिवसांनी हा एकदम म्हणाला, "आई, तुला दिसतंय तोवर मी तुला आपलं घर दाखवतो."

"कोनतं घर?" आईनं विचारलं.

"महालातलं. बाबांचं."

माझा भाऊ सोपं गणित आधी सोडवणारा. महालात यमुताई आत्या होती, बाबांची धाकटी बहीण. तीस-पस्तीस वर्षं ती घरच्यांच्या नकळत आमच्याकडे येत राहिली होती. येताना म्हणायची, "देवळात जाते म्हणून सांगून आलेय, तेव्हा आधी मला एक फूल द्या." आता घरातले सगळे जुने लोक गेले होते आणि तीच तिथली वडीलधारी. तिनं आम्हाला राजरोस पुढच्या दारानं आत घेतलं. गिरिधर कॅमेरा घेऊन देवघर, माजघर, विहीर काढत फिरला. शेवटी आत्यानं वंशावळ काढली. वीतभर रुंद, दोन पुरुष लांब कागदाची गुंडाळी, साताऱ्यापासूनची नावं. आजोबांच्या नावाखाली दोन काकांची नावं होती आणि मध्ये बोटभर कोरी जागा. आत्यानं दौत-टाक मागवला, त्या जागेत 'मनोहर' लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि मग त्याच्या शेजारी 'देवकी' लिहिलं. त्या सबंध कागदावर एकाही बाईचं नाव नव्हतं. खुद्द आत्याचंही नव्हतं. मी म्हटलं, "आत्या, तुझं लिही की." तर म्हणाली, "माझं कुणी पुसलं नव्हतं गं." हे सगळं गिरिधरनं टिपलं.

फिल्लम धुवायला मुंबईला जायची. दीड महिन्यानं पोस्टानं परत आली. रविवारी दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही ती भिंतीवर दाखवली. चित्र काय सुरेख आलं होतं! आत्याच्या नाकातली मोरणीसुद्धा दिसत होती. आई हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसली.

"दिसलं आई?" गिरिधरनं विचारलं.

"भिंतीवर ऊन पडलं," आई म्हणाली. "मंधात कोनीतरी हालून राहिलं होतं."

गिरिधरनं चित्र लहान केलं, मशीन पुढेमागे करून पाहिलं, पुन्हा दाखवलं. तेच. उजेड तिच्या डोळ्यात नुसता पसरायचा. मग मीच तिला काय काय होतं ते सांगितलं. तिचं नाव लिहिल्याचं सांगितलं तेव्हा ती हसली, डोळे पुसले, आणि म्हणाली, "यमुताईचं भलं होवो."  मग हळूच म्हणाली, "गिरिधर, माह्या घरचं काहून नाई काढलं गा?"

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. माझ्या उभ्या जन्मात आईनं 'माह्या घरचं' असे शब्द उच्चारले नव्हते. विषय निघाला की ती भांडी घासायला उठायची.

"पण आई, तुले दिसलं नाई तं?" गिरिधर आता तिच्या भाषेत आला.

"तुमाले तं दिसन. तुमी पाहा, अन् मले सांगा. पन लवकर काढ बापा. थोडंसं जरी दिसलं..."  सदतीस वर्षं तिनं ते घर पाहिलं नव्हतं, आणि होळी अडीच महिन्यांवर होती.

पुढच्याच रविवारी आम्ही कळमेश्वरच्या बसमध्ये बसलो. तिथून दोन कोस पायी. बरोबर कॅमेरा आणि फिल्लमची एकच गुंडाळी, दुसरी कुठंच मिळाली नव्हती. मामाकडे आधी कळवलं नव्हतं. मी म्हटलं, कळवलं तर नाही म्हणतील. तोंडावर नाही म्हणायला माणसाला जास्त जड जातं.

दारात चंपतमामाच उभा होता. साठीचा, काळा, उंच, पायानं लंगडा. आम्ही सांगितलं, देवकीची मुलं. त्यानं आधी आमच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे, आणि बराच वेळ पायांकडेच पाहत राहिला.

"आन तिच्या पायाची हाये," तो म्हणाला. "तुमच्या नाई. या."

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून मी सरळ सांगितलं, की आईचे डोळे जात आहेत आणि तिला हे घर पाहायचं आहे. मामा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. गिरिधरनं कॅमेरा काढला तेव्हा एवढंच बोलला, "एकडाव काढ अन् जाय. पुन्हा मले जमन नाई." मग तो बगीच्यातून चालला, विहिरीशी थांबला, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. माझा भाऊ त्याच्या मागे मागे, आणि मध्येच काय विचारतो, तर, "मामा, डाव्या नळीचं हाड मोडलं होतं ना? वाकडं जुळलं." मी कपाळाला हात लावला. मामा म्हणाला, "मोडलं होतं लहानपनी," आणि पुढे चालू लागला.

फिल्लम संपत आली तशी रुखमाबाई मामी घरातून बाहेर आली. आतापर्यंत ती दाराआडूनच बघत होती. हातात पितळी ताट, ताटात गहू, नारळ, खण. मामा तिच्यावर करवादला, "दाना द्याचा नाई. बापानं दान्याचंही मनलं होतं."

"मी देऊन नाई राहिली," मामी म्हणाली. "दाखवून राहिली."

"अन् मास्तर तं गेला. आता कायची ओटी वं?"

"आताची नाई. तवाची भरून राहिली." मामी गिरिधरकडे वळली, पण बोलत होती मामाशीच. "नवरी होऊन आली होती मी या घरी, सा महिनेच झाले होते. लेक सासरी जाते तं भावजय ओटी भरते. माह्याच हातून भराची होती. ताट घेऊन दारात आली तं मामंजीनं परत ठेवाले लावलं, अन् ते पोरगी रिकाम्या पदरानं गेली. सदतीस वर्सं झाले, मले त्या ताटाचं वजन लागते." मग गिरिधरला म्हणाली, "हे देवकीबाईले दिसन ना गा?"

 गिरिधरनं होकारार्थी मान डोलावली आणि चावी भरली. मामीनं ओंजळ भरली, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणली, आणि सोडली. पाच वेळा. गहू गिरिधरच्या चपलांवर पडले, कोंबड्या धावून आल्या. मामा पाठ करून उभा होता, पण त्यानं थांबवलं नाही. निघताना वेशीपर्यंत आला. तिथं म्हणाला, "दिसलं तं कळवजा." त्या घरातून मी दाणाही न घेता निघाले, आणि असं भरल्यासारखं मला कुठल्याही घरातून निघताना वाटलेलं नाही.

मुंबईला पाठवायचं तर पुन्हा दीड महिना. गिरिधरनं ठरवलं, आपणच धुवायची, दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत. आता त्याच्या कामातली एक गोष्ट सांगावी लागते. एक्स-रे धुताना फिल्म आधी एका औषधात बुडवायची, मग पाण्यात, मग हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या औषधात, की झालं. हाड पांढरं, बाकी काळं, तसंच ते वाचायचं असतं. भिंतीवर दाखवायच्या फिल्लमला मात्र पहिल्या औषधानंतर आणखी तीन-चार गोष्टी कराव्या लागतात, तेव्हा कुठं काळ्याचं काळं आणि पांढऱ्याचं पांढरं दिसतं. हायपो अगदी शेवटी. गिरिधरनं हे सगळं पुस्तकातून उतरवून कागद भिंतीला चिकटवला होता. आता किट्ट अंधारात तो कागद कोण वाचणार? रविवारी दुपारी दवाखाना बंद असताना तो आत शिरला, पहिलं औषध झालं, पाणी झालं, आणि तोवरच्या चौदा वर्षांच्या सवयीनं हात आपसूक हायपोकडे गेला.

बरं, चूक झाली हे तरी कळावं! बाहेर येऊन यानं फिल्लम वाळवली, एक्स-रे बघायच्या दिव्यासमोर धरली, आणि खूश झाला. दुसऱ्या कुणीही सांगितलं असतं की सगळं उलटं आहे. पण ज्यानं चौदा वर्षं माणसं तशीच पाहिली, त्याला ती सरळच दिसली. घरी येऊन मला म्हणाला, "पुष्पे, फस्क्लास आली."

पुन्हा घोंगड्या लागल्या, मशीन सुरू झालं, आणि भिंतीवर काळंकुट्ट आभाळ उमटलं. मामाचं पांढरं धोतर काळं, तोंड राखेसारखं पांढरं. संत्र्याची झाडं चुना फासल्यासारखी. माझं डोकंच फिरलं. "अरे गाढवा, हे काय करून आणलंस? भूतं दाखवतोयस आईला?" गिरिधर भिंतीकडे बघत होता. त्याला आत्ता कळलं. "हायपो," तो म्हणाला. "पुष्पे, मी हायपोत टाकली." मी विचारलं, पुन्हा सरळ होईल का. त्यानं नकारार्थी मान हलवली. "एकडाव" असं मामानं बजावलं होतं, आणि गुंडाळीही एकच होती. त्यानं मशीन बंद करायला हात पुढे केला. त्याचा इतका पडलेला चेहरा मी बाबा गेले तेव्हाही पाहिला नव्हता.

"राहू दे," आई म्हणाली.

"आई, बिघडली गं."

"काहून बिघडली? तो चंपत हाये ना?"

आम्ही दोघं जागच्या जागी थांबलो. आई पुढे सरकली होती. "चंपतच हाये. तोच पाय. मी चार वर्साची असन, बंडीच्या चाकाखाली चालली होती, त्यानं मले ओढलं अन् सोता सापडला." मग ती बोलतच सुटली. हा कडुनिंब. ही विहीर, तिची पायरी तुटली वाटतं. हा गोठा, याचं दार आधी तिकडून होतं. जे आम्हाला ओळखू येत नव्हतं ते ती बोटानं दाखवत होती.

पुढे डॉक्टरांनी समजावलं, की मोतीबिंदूच्या डोळ्यात फार उजेड गेला की तो फुटतो आणि सगळं धुऊन टाकतो. काळ्या भिंतीवर पांढरं माणूस आईला त्यामानानं बरं दिसलं असेल. असेल बुवा. मी डॉक्टरांचे आभार मानले, पण हात जोडले ते माझ्या भावाच्या त्या मठ्ठ हाताला. होळीपर्यंत आईनं ती फिल्लम अकरा वेळा पाहिली. मामाला मी दुसऱ्याच दिवशी कार्ड टाकलं होतं, 'दिसलं'.

पण ही फिल्लम पहिल्यांदा लावली त्या रविवारचं अजून राहिलं. भिंतीवर मामी आली. काळी सावळी माझी मामी तिथं पांढरी लख्ख. ताट तिनं कमरेशी धरलं होतं. आई पुटपुटली, "वैनी." मामीनं ओंजळ भरली आणि ती ओंजळ भिंतीवर मोठी मोठी होत आली. मी आईला सांगणार होते की ही काय करतेय. सांगायची वेळच आली नाही. आई उठली, भिंतीकडे गेली, उजेडाकडे वळली, पाठीवरचा पदर पुढे घेतला आणि दोन्ही हातांनी पसरून उभी राहिली. मशीनचा उजेड तिच्या फिक्या लुगड्यावर पडला, आणि मामीचे हात भिंतीवरून तिच्या पदरात आले. पाच वेळा. आई प्रत्येक वेळी थोडी वाकली.

फिल्लम संपली. गिरिधर तोंडावर रुमाल धरून बसला होता, मशीन कोण बंद करणार? शेवटी मीच केलं आणि एक घोंगडी खाली ओढली. आईनं पदर सोडला नव्हता. त्याची टोकं मुठीत आवळून, काही सांडू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत, ती खोली ओलांडून बाबांच्या फोटोसमोर गेली.

"अवं, डोक्शावरचं सरकलं," तिनं स्वतःलाच टोकलं, आणि बाबांशी बोलताना घ्यायची तशी डोक्यावरची घडी नीट केली, पदर एका हातात धरून. मग म्हणाली, "मास्तर, आली मी ओटी भरून."